केसपेपरच्या खिडकीपुढची रांग आणि तिचा हिशेब

तालुक्याच्या गावातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बाह्यरुग्ण विभागाची केसपेपरची एकच खिडकी सकाळी ९ ते दुपारी १ उघडी असते. आठवडाभर नोंद ठेवली तेव्हा ९ नंतर ताशी सरासरी २७ रुग्ण येतात असे दिसले. जुन्या रुग्णाची नोंद १ मिनिटात होते, नव्या रुग्णाला ४ मिनिटे लागतात आणि तिघांत एक नवा असतो, म्हणजे सरासरी २ मिनिटे. या हिशेबाने कारकून तासाला ३० जणांचे काम उरकू शकतो आणि त्याला दर तासाला ६ मिनिटे मोकळी मिळायला हवीत. प्रत्यक्षात खिडकी उघडताना २० जण आधीच उभे असतात, पहारेकऱ्याने दर पंधरा मिनिटांनी केलेल्या मोजणीत रांगेत सरासरी १४ रुग्ण भरतात, आणि एक वाजेपर्यंत वहीत साधारण १२० केसपेपरांची नोंद झालेली असते. विश्वस्तांच्या मते कारकूनच संथ आहे. दुसरी खिडकी कायमची उघडावी का, जुन्या आणि नव्या रुग्णांच्या रांगा वेगळ्या कराव्यात का, आणि डॉक्टरांकडच्या वेळा रुग्णांना कशा द्याव्यात, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

दिलेले आकडे आधी एकमेकांशी ताडून पाहू. चार तासांत १२० केसपेपर आणि प्रत्येकी २ मिनिटे म्हणजे २४० मिनिटे, अर्थात पूर्ण चार तास. तेव्हा तासाला मोकळी राहणारी ती ६ मिनिटे केवळ कागदावर आहेत; कारकून नऊच्या ठोक्यापासून एकपर्यंत मान वर न करता काम करतो आहे. त्याला संथ ठरवण्याचे काही कारण या आकड्यांत नाही, आणि विश्वस्तांना हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे असे मला वाटते, कारण अशा चर्चा माणसाच्या स्वभावावर घसरल्या की मोजमाप मागे पडते.

रुग्ण किती वेळ थांबतात हे काढण्यासाठी कोणाच्याही मागे घड्याळ घेऊन उभे राहण्याची गरज नाही. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ, हा संबंध जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला आणि रांगांच्या शास्त्रातील सर्वांत उपयोगी सूत्र कोणते असे विचारले तर मी हेच सांगेन. रुग्ण कसे येतात, काम कोणत्या क्रमाने होते, कोणाला किती वेळ लागतो, यांपैकी कशाबद्दलही ते काही गृहीत धरत नाही. आपल्या रांगेतील १४ जणांना ताशी २७ या येण्याच्या दराने भागले तर ३१ मिनिटे येतात आणि ताशी ३० या बाहेर पडण्याच्या दराने भागले तर २८ मिनिटे. रांग सकाळपासून दुपारपर्यंत हळूहळू घटत असल्याने दोन उत्तरांत हा थोडा फरक पडतो. अर्धा तास धरून चालण्यास हरकत नाही. मोजताना मात्र एक काळजी घ्यावी. पहारेकऱ्याने माणसे मोजू नयेत, निघणारे केसपेपर मोजावेत. एका रुग्णाबरोबर दोन नातेवाईक उभे असतात, एखादा पुतण्या तिघांची जागा धरून असतो, आणि सकाळी आठला आलेल्या म्हातारीने रांगेत पिशवी ठेवून समोरच्या पारावर बैठक मारलेली असते. ती पिशवी मोजायची आहे, पुतण्या एकदा नव्हे तर तीनदा मोजायचा आहे, आणि सोबतचे नातेवाईक मोजायचेच नाहीत.

आता हा अर्धा तास येतो कुठून? त्याचा मोठा भाग नऊ वाजण्याआधीचा आहे. खिडकी उघडते तेव्हा २० जण उभे आहेत म्हणजे ४० मिनिटांचे काम साचलेले आहे. त्यानंतर दर मिनिटाला सरासरी ०.९ मिनिटाचे नवे काम येते आणि १ मिनिटाचे उरकले जाते, म्हणजे साचलेले काम मिनिटाला ०.१ मिनिट एवढ्याच वेगाने ओसरते. चार तासांत ओसरणार केवळ २४ मिनिटे. नऊला येणाऱ्याला ४० मिनिटे थांबावे लागते, अकराला येणाऱ्याला २८, आणि एकला खिडकी बंद करायच्या वेळी १६ मिनिटांचे काम, म्हणजे आठ जण, शिल्लक राहतात. ४० मिनिटांचे ते साठलेले काम पूर्ण संपायला ४०० मिनिटे लागली असती, पण तेवढी सकाळ आपल्याकडे नाही. हा हिशेब त्रैराशिकाइतका सोपा आहे, त्यात शक्यतेचे गणित मुळीच नाही, आणि तरीही तो आपल्या पहारेकऱ्याच्या मोजणीशी जुळतो: २० पासून ८ पर्यंत उतरणाऱ्या रांगेची सरासरी १४ येते.

हाच हिशेब वापरून दुसरीही एक गोष्ट पाहता येते. प्रिंटरमध्ये कागद अडकला किंवा सर्व्हर डाउन झाला आणि खिडकी १५ मिनिटे बंद पडली, तर तेवढ्या वेळात १३.५ मिनिटांचे काम साचते आणि ते मिनिटाला ०.१ च्या वेगाने ओसरायला १३५ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास लागतात. दहा वाजता बिघडलेल्या प्रिंटरचा फटका बाराला येणाऱ्या रुग्णालाही बसतो, आणि त्याला त्याचे कारण कोणी सांगू शकत नाही. ज्या खिडकीवर भार, म्हणजे येणाऱ्या कामाचे क्षमतेशी प्रमाण, ९० टक्के आहे तिथे जादा प्रिंटर ठेवणे ही चैन नव्हे.

सकाळची गर्दी नसती तरी रांग लागलीच असती, फक्त लहान लागली असती. इथून पुढे शक्यतेचे गणित सुरू होते. त्याचा आरंभ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅग्नर क्रारुप अर्लांग यांनी १९०९ मध्ये केला. ग्राहकांचे फोन एकमेकांशी संबंध नसलेल्या क्षणी येतात, ठरावीक काळात किती येतील हे प्वासाँ यांच्या नियमाने सांगता येते, हे त्यांनी दाखवले. आणि किती तारा ठेवल्या असता किती जणांना लाइन मिळणार नाही किंवा किती वेळ थांबावे लागेल याची सूत्रे १९१७ मध्ये मांडली. आजही कॉल सेंटरमध्ये माणसे किती बसवायची याचा हिशेब त्याच सूत्रांच्या आधारे होतो आणि दूरसंचारातील भार ‘अर्लांग’ या एककात मोजतात.

यंत्रणा कशी चालते हे मात्र सूत्रापेक्षा चार रुग्णांच्या उदाहरणातून लवकर कळते. समजा, खिडकी रिकामी असताना १० वाजता नवा रुग्ण आला, १०.०१ ला जुना, १०.०२ ला नवा आणि १०.१० ला जुना. पहिल्याला थांबावे लागत नाही. दुसरा येतो तेव्हा पहिल्याची ३ मिनिटे बाकी आहेत, म्हणून तो ३ मिनिटे थांबतो. तिसऱ्याचे थांबणे काढताना दुसऱ्याचे थांबणे ३, त्यात दुसऱ्याचे काम १ मिळवायचे आणि दोघांच्या येण्यातील अंतर १ वजा करायचे, उत्तर ३. चौथ्याचे थांबणे ३ अधिक ४ वजा ८, म्हणजे उणे १. उणे थांबणे शक्य नसल्याने तिथे शून्य लिहायचे, आणि ते उणे १ म्हणजे कारकुनाचे एक रिकामे मिनिट. डेनिस लिंडली यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा नियम एक्सेलच्या एका ओळीत बसतो. उणे आले की शून्य लिहायचे, या एका अटीत सगळी अडचण आहे. रिकामी गेलेली मिनिटे साठवून पुढे वापरता येत नाहीत, आणि साचलेले काम मात्र जसेच्या तसे पुढे सरकते. म्हणूनच सरासरी क्षमता सरासरी कामापेक्षा जास्त असूनही रांग लागते.

किती लागते, याचे सूत्र फेलिक्स पोलाचेक यांनी १९३० मध्ये आणि अलेक्सांद्र खिन्चिन यांनी १९३२ मध्ये स्वतंत्रपणे काढले. ते शब्दांत असे सांगता येईल: भाराला मोकळिकीने भागा, आणि त्याला खिडकीवर चालू असलेल्या कामाच्या सरासरी उरलेल्या वेळेने गुणा. आपल्याकडे भार ०.९ आणि मोकळीक ०.१, म्हणजे भागाकार ९. उरलेल्या वेळेबाबत मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. सरासरी काम २ मिनिटांचे, म्हणून आपण आलो तेव्हा त्यातले सरासरी १ मिनिट उरलेले असणार, असे वाटते. पण नवे रुग्ण संख्येने एकतृतीयांश असले तरी खिडकीचा दोनतृतीयांश वेळ तेच घेतात, त्यामुळे येणाऱ्याची गाठ बहुधा लांबलेल्या कामाशीच पडते आणि उरलेला वेळ सरासरी १.५ मिनिट निघतो. नऊ गुणिले दीड म्हणजे १३.५ मिनिटे. सकाळी एकही रुग्ण आधी आलेला नसता आणि खिडकी अखंड चालू राहिली असती तर दीर्घकालीन सरासरी एवढी आली असती.

भार बदलला की उत्तर कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. ५० टक्के भाराला थांबणे १.५ मिनिट, ८० टक्क्यांना ६ मिनिटे, ९० टक्क्यांना १३.५ आणि ९५ टक्क्यांना २८.५ मिनिटे. ५० वरून ८० वर जाताना साडेचार मिनिटे वाढली, आणि शेवटच्या पाच टक्क्यांत पंधरा. कर्मचाऱ्यांचा पुरेपूर वापर व्हावा असा आग्रह धरणाऱ्यांना हे चार आकडे दाखवावेत. दुसरे काही समजावून सांगण्याची सहसा गरज पडत नाही.

तरीही १३.५ मिनिटे हा आकडा अहवालात लिहून मोकळे होऊ नये. तो स्थिर अवस्थेचा, म्हणजे रांगेची सरासरी बदलेनाशी झाल्यानंतरचा, आकडा आहे, आणि ९० टक्के भारावर एक खिडकी स्थिर अवस्थेला पोहोचायला कित्येक तास लागतात. आपली सकाळ चारच तासांची आहे. सुरुवातीला रांग रिकामी असेल तर चार तासांत दिसणारी सरासरी याहून कमी असेल, आणि वीस जण उभे असतील तर जास्त. पाठ्यपुस्तकातील सूत्र हाती लागले की लोक ते कुठेही लावतात, आणि दवाखान्याच्या सकाळीला तर हमखास लावतात. सूत्रे कोणत्या बदलाचा परिणाम मोठा आणि कोणत्याचा लहान, हे सांगायला उत्तम आहेत. उद्या सकाळी साडेदहाला किती जण उभे असतील हे सांगायला लिंडली यांच्या नियमाने एक्सेलमध्ये दोन-तीनशे सकाळी चालवून पाहाव्यात.

रुग्ण एकेकटे येतात, हेही गृहीतच आहे. बसस्थानक जवळ असेल तर एसटी आली की एकदम घोळका येतो. याची तपासणी सोपी आहे: दर दहा मिनिटांत आलेल्यांची संख्या लिहून काढावी, आणि तिची सरासरी व सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी यांची तुलना करावी. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर प्वासाँ नियम लावता येतो. दुसरी पहिलीच्या दोन-तीन पट असेल तर घोळके येत आहेत. रुग्ण नेहमी तिघातिघांच्या गटाने येत आहेत असे धरले, ताशी २७ आणि बाकी सारे तेच ठेवले, तर दीर्घकालीन थांबणे १३.५ वरून ३३ मिनिटांच्या पुढे जाते. कारकून तोच, खिडकी तीच, दिवसाचे एकूण रुग्णही तेवढेच.

आता उपाय पाहू, आणि खर्चाच्या चढत्या क्रमाने पाहू. नव्या रुग्णाच्या ४ मिनिटांत नाव, गाव, वय, मोबाइल नंबर विचारून टंकण्याचा वेळ बराच असतो. रांगेच्या सुरुवातीला एक स्वयंसेवक बसवून ही माहिती चिठ्ठीवर आधीच लिहून घेतली आणि खिडकीवरचे काम ४ ऐवजी ३ मिनिटांत झाले, तर सरासरी वेळ १ मिनिट ४० सेकंदांवर येतो, भार ९० वरून ७५ टक्क्यांवर उतरतो, आणि दीर्घकालीन थांबणे १३.५ मिनिटांवरून ३.३ मिनिटांवर येते. हा उपाय दोन बाजूंनी लागू पडतो: भारही घटतो आणि लहान-मोठ्या कामांतील तफावतही घटते. शिवाय सकाळचे साठलेले काम ३३ मिनिटांचे होते आणि मिनिटाला ०.१ ऐवजी ०.२५ च्या वेगाने, म्हणजे सव्वाअकराच्या आत संपते. मी आपल्या जागी असतो तर याच उपायापासून सुरुवात केली असती. आधार कार्ड, जुना केसपेपर आणि सुटे पैसे हातात तयार ठेवा, अशी पाटी रांगेच्या मध्यावर लावणे हा याच उपायाचा धाकटा भाऊ. पाटी खिडकीवर लावली तर तिचा काही उपयोग नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत पिशवीत हात घालण्याची वेळ निघून गेलेली असते.

दुसरा उपाय म्हणजे दुसरी खिडकी, पण कायमची नव्हे. नऊ वाजता दोन खिडक्या चालू केल्या तर चिठ्ठीचा उपाय केलेला नसतानाही साठलेले काम मिनिटाला २ वजा ०.९, म्हणजे १.१ मिनिट या वेगाने उतरते आणि ४० मिनिटांचे काम ३७ मिनिटांच्या आत संपते. हिशेब विभागातील एखादी व्यक्ती पावणेदहापर्यंत तिथे बसली तरी पुरे. आधी आलेल्या विसांतील शेवटच्याला सुमारे ४० ऐवजी २० मिनिटे थांबावे लागेल आणि दहानंतर येणाऱ्यांना सकाळच्या गर्दीची झळच लागणार नाही. खिडकी आठला उघडणे हाही पर्याय आहे, परंतु त्यात एक धोका आहे: लोक लवकर येतात ते नंबर लवकर लागावा म्हणून, आणि आठला उघडणाऱ्या खिडकीपुढे सातपासून नंबर लावणारेही निघतील. डॉक्टर दहालाच येत असतील तर या लवकर येण्याने कोणाचाच फायदा होत नाही.

कायमची दुसरी खिडकी उघडलीच, तर दोन्ही खिडक्यांपुढे मिळून एकच रांग असावी, जिच्या तोंडाशी असलेला रुग्ण जी खिडकी मोकळी होईल तिथे जाईल. जुन्यांची आणि नव्यांची रांग वेगळी करण्याची कल्पना वरवर शिस्तीची वाटते. तिचा हिशेब असा आहे: नव्यांच्या खिडकीवर भार ६० टक्के आणि थांबणे सरासरी ३ मिनिटे, जुन्यांच्या खिडकीवर भार ३० टक्के आणि थांबणे १३ सेकंद. एकच रांग असेल तर सर्वांचे थांबणे सुमारे २३ सेकंद. जुन्यांना दहा सेकंदांचा लाभ व्हावा म्हणून नव्यांनी अडीच मिनिटांहून जास्त वेळ द्यायचा, आणि तेही जुन्यांच्या खिडकीवरचा कारकून सत्तर टक्के वेळ रिकामा बसलेला दिसत असताना. वेगळ्या रांगेला माझा विरोध या दृश्यामुळे अधिक आहे. लोक तीन मिनिटे निमूटपणे थांबतात, पण शेजारची खिडकी मोकळी दिसली की भांडण ठरलेले. एकच रांग टिकवायला मात्र दोरी किंवा लोखंडी पाइप लागतात. नुसत्या सूचनेने ती टिकत नाही, दुसऱ्याच दिवशी तिच्या दोन रांगा होतात.

खिडकी एकच ठेवून जुन्या रुग्णांना पुढे घेण्याचा पर्यायही कोणीतरी सुचवेल, म्हणून त्याचे आकडे देऊन ठेवतो. अग्रक्रमाच्या रांगांचे हे गणित अ‍ॅलन कोबहॅम यांनी १९५४ मध्ये मांडले. त्यानुसार जुन्यांचे दीर्घकालीन थांबणे १३.५ वरून २ मिनिटांच्या आत येते, नव्यांचे १९ मिनिटांच्या वर जाते, आणि सर्व रुग्णांची सरासरी १३.५ वरून ७.७ मिनिटांवर उतरते. एक पैसाही खर्च न करता सरासरी जवळजवळ निम्मी झाली, असे अहवालात लिहिता येईल. परंतु एकूण साचलेले काम त्यामुळे तसूभरही कमी झालेले नसते. प्रत्येक गटाचे थांबणे त्याच्या भाराने गुणून केलेली बेरीज पूर्वीएवढीच राहते. ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले एवढेच, आणि ज्याच्या खांद्यावर गेले तो पहिल्यांदाच रुग्णालयात आलेला, बहुधा बाहेरगावचा माणूस आहे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि तापाने फणफणलेले मूल यांच्यापुरता अग्रक्रम ठेवावा. त्यांची संख्या थोडी असल्याने इतरांना तो जाणवत नाही.

टोकनने रांग कमी होत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. टोकन देणाऱ्या यंत्राने कारकुनाचे काम एका सेकंदानेही हलके होत नाही. त्याने रुग्णाला बसता येते, जागा धरून ठेवण्याची दगदग वाचते, आणि छापलेल्या वेळेमुळे आपल्याला कोण कधी आले याची फुकटात नोंद मिळते. ही तिन्ही कारणे टोकन यंत्र घेण्यास पुरेशी आहेत. मात्र यंत्रावर केलेला खर्च दाखवून रांगेचा प्रश्न सुटला असे म्हणता येणार नाही.

ज्या रांगांत येणाऱ्यांचा दर क्षमतेहून तासन्तास अधिक असतो, तिथे वरील स्थिर अवस्थेच्या सूत्रांपैकी एकही चालत नाही; चालतो तो फक्त साठा आणि ओसर यांचा हिशेब. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी हे त्याचे आपल्या सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. उदाहरणासाठी मिनिटाला ३५ जणांचे पददर्शन होते आणि पुढे ४०,००० वारकरी आहेत असे धरले, तर बारीत नव्याने उभे राहणाऱ्याला १९ तास लागतील, आणि कोणाला किती सेकंद लागले यातील चढउतारांनी त्यात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. मुखदर्शनाची वेगळी रांग तिथे उपयोगी ठरते ती याचसाठी की तिथली सेवा वेगळी आणि क्षमताही वेगळी आहे. आपल्या दोन खिडक्यांचे तसे नाही. दोन्हीकडे तोच केसपेपर मिळतो.

तिसरा प्रश्न डॉक्टरांच्या वेळांचा. एका डॉक्टरकडे एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटे आणि १० ते १ या वेळात ३० रुग्ण, हे आपले आकडे. सर्वांना दहाची वेळ दिली तर शेवटच्याला १७४ मिनिटे थांबावे लागते आणि सरासरी थांबणे ८७ मिनिटे होते. डॉक्टर मात्र एक क्षणही रिकामे राहत नाहीत. दर ६ मिनिटांनी एकाला बोलावले तर रुग्णांचे थांबणे पुष्कळ कमी होते, पण पहिलाच रुग्ण उशिरा आला तर डॉक्टर बसून राहतात. ब्रिटनमधील बाह्यरुग्ण विभागांचा अभ्यास करून नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये सुचवलेला मार्ग यांच्या मधला आहे: सुरुवातीच्या वेळेला दोघांना बोलवावे आणि पुढे तपासणीच्या सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला. आपल्याकडे तिसऱ्याला १०.०६, चौथ्याला १०.१२, असे करत तिसाव्याला १२.४८ ही वेळ मिळेल. सत्तर वर्षांत या नियमाच्या कितीतरी सुधारित आवृत्त्या निघाल्या, तरी पहिला प्रयोग म्हणून मी अजूनही हाच सुचवतो.

अडचण एवढीच की १०.३६ ची वेळ पाळणे ज्याच्या हातात नाही त्याला ती देऊन उपयोग नाही. ज्याची एसटी सव्वादहाला पोहोचते आणि पुढची सव्वाबाराला, त्याच्यासाठी मिनिटांचे वेळापत्रक निरर्थक आहे. अशा ठिकाणी अर्ध्या तासाचे गट करावेत: दहाला ६, साडेदहा ते बारापर्यंत दर अर्ध्या तासाला ५, आणि साडेबाराला ४. पाच जणांच्या गटात सगळे वेळेवर आले तर, आधीच्या गटातील उरलेल्या एकाची सहा मिनिटे धरून, सरासरी थांबणे १८ मिनिटे होते. वेळ नोंदवूनही न येणाऱ्यांचे प्रमाण महिनाभर वहीत लिहून मग एखाद-दुसरा रुग्ण जादा बोलवावा, अंदाजाने बोलावू नये.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे डॉक्टरांचे उशिरा येणे. तीन तासांत तीस रुग्ण हा १०० टक्के भार आहे, त्यात उशीर भरून काढायला मोकळीकच नाही. डॉक्टर साडेदहाला आले तर तो अर्धा तास तिसांतील प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि एका व्यक्तीच्या अर्ध्या तासाचे रुग्णांचे १५ तास होतात. हे विश्वस्तांनी डॉक्टरांशी बोलून ठरवण्याचे काम आहे, गणिताने त्यावर तोड निघत नाही. फार तर एवढे करता येईल की अकरा-साडेअकराच्या गटात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवावी. तेवढ्या सहा मिनिटांत मागचा थोडा खोळंबा भरून निघतो.

शेवटी क्रमाबद्दल. केसपेपरची खिडकी सुधारली की रुग्ण लवकर सुटतील आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसतील. तिथला भार १०० टक्के असल्याने एकूण वेळ फारसा घटणार नाही. म्हणून डॉक्टरांच्या वेळांचे गट आधी सुरू करावेत आणि त्याच गटांप्रमाणे केसपेपरला येण्यास सांगावे, म्हणजे नऊपूर्वीचे वीस जण आपोआप विखुरले जातील आणि पावणेदहापर्यंतची दुसरी खिडकी कदाचित लागणारही नाही. औषधांच्या खिडकीचे आकडे आपण दिलेले नाहीत. तिथे दर पंधरा मिनिटांची मोजणी आणि दिवसभरात दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्यांची संख्या एवढे पाठवले तरी हिशेब करता येईल. मोजणी करताना सोमवार आणि आठवडी बाजाराचा दिवस वेगळे लिहावेत. बाजाराच्या दिवशी ताशी ३३ आणि इतर दिवशी २६ असे रुग्ण येत असतील, तर ताशी २७ ही आठवड्याची सरासरी त्यांपैकी कोणत्याही दिवसाचे वर्णन करत नाही, आणि ३३ च्या दिवशी एका खिडकीने भागणार नाही हे त्या सरासरीत दिसतच नाही.